मालवाहतुकीसाठी ट्रॅक्टरची निवड

मालवाहतुकीसाठी ट्रॅक्टरची निवड म्हणजे शेतमाल, ऊस, पाणी, वाळू, विटा इत्यादींनी भरलेली ट्रॉली ओढण्याकरिता हलका ट्रॅक्टर घ्यावा की जड, याचा निर्णय होय. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हा निर्णय बहुधा इंजिनाच्या अश्वशक्तीवरून घेतला जातो. प्रत्यक्षात ट्रॉली ओढण्यासाठी लागणारी शक्ती तुलनेने कमी असते. भरलेली ट्रॉली उतारावर थांबवण्यासाठी आणि वळणावर ताब्यात ठेवण्यासाठी ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन, त्या वजनाची पुढील व मागील चाकांवरील विभागणी आणि ट्रॉलीला ब्रेक आहेत की नाहीत, या बाबी अधिक निर्णायक ठरतात. प्रस्तुत लेखात परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्याची भूरचना व पिके उदाहरणादाखल घेतली आहेत.

शब्दप्रयोग

मराठवाड्यात ट्रॉली न जोडलेल्या ट्रॅक्टरला 'हेड' म्हणतात. ट्रॉलीच्या मालवाहू भागाला 'साटा', त्याच्या बाजूच्या उघडता येणाऱ्या पत्र्यांना 'फाळके' आणि ट्रॅक्टरच्या मागील बाजूस जेथे ट्रॉलीची दांडी पिनेने अडकवली जाते त्या भागाला 'हूक' असे शब्द रूढ आहेत. एका हेडामागे एकापाठोपाठ दोन ट्रॉल्या जोडल्यास त्यास 'डबल ट्रॉली' म्हणतात. कायद्याच्या भाषेत मात्र ट्रॉली हा 'ट्रेलर' असून मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ट्रॅक्टर व ट्रेलर यांच्या व्याख्या स्वतंत्रपणे दिल्या आहेत. त्या व्याख्येनुसार ट्रॅक्टर हे स्वतःवर माल वाहून नेण्यासाठी बांधलेले वाहन नव्हे. त्याचे काम ओढण्याचे आहे.

पार्श्वभूमी

भारतात ट्रॅक्टरचे उत्पादन १९५९ नंतर सुरू झाले. महाराष्ट्रात महिंद्र समूहाने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या भागीदारीत ट्रॅक्टरनिर्मितीत प्रवेश केला. कांदिवली व नागपूर येथे या समूहाचे ट्रॅक्टर बनतात, तर पुण्याजवळील सणसवाडी येथे जॉन डिअर कंपनीचा कारखाना आहे. त्यापूर्वी शेतमाल बाजारापर्यंत नेण्याचे साधन बैलगाडी हेच होते. लोखंडी धावेच्या लाकडी चाकांची जागा रबरी टायरने घेतल्यावर बैलजोडीची वाहतूकक्षमता वाढली व ऊस वाहतुकीत टायरगाडी दीर्घकाळ टिकून राहिली.

नांगरणीसाठी घेतलेला ट्रॅक्टर वर्षातील बराच काळ रिकामा राहतो. त्यामुळे ट्रॉली हे त्याचे दुसरे उत्पन्न ठरले. अनेक खरेदीदारांच्या बाबतीत आता हा क्रम उलटला असून ट्रॉलीच्या भाड्यावर कर्जाचे हप्ते फेडले जातात आणि शेतीकाम दुय्यम राहते. निवडीचा प्रश्न गुंतागुंतीचा होतो तो यामुळेच, कारण शेतासाठी योग्य ट्रॅक्टर आणि रस्त्यासाठी योग्य ट्रॅक्टर एकच असतो असे नाही.

जिंतूर परिसर

जिंतूर तालुका परभणी जिल्ह्याच्या उत्तर भागात आहे. अजिंठा डोंगररांगेचे फाटे तालुक्यातून जातात. नेमगिरी व चंद्रगिरी या टेकड्या शहराजवळ असून पूर्णा नदीवरील येलदरी धरण याच तालुक्यात आहे. दक्षिणेकडे बोरी, झरीमार्गे परभणीकडे जाताना जमीन सपाट व काळी होत जाते. म्हणजे एकाच तालुक्यातील ट्रॅक्टरला उत्तरेकडे चढ-उताराचे रस्ते आणि दक्षिणेकडे पावसाळ्यात रुतवणारी भारी जमीन अशा दोन वेगळ्या परिस्थितींना तोंड द्यावे लागते.

कापूस, सोयाबीन व तूर ही येथील प्रमुख पिके होत. सोयाबीन साधारणतः ऑक्टोबरपासून, कापूस ऑक्टोबर ते जानेवारी या काळात आणि तूर त्यानंतर बाजारात येते. जिल्ह्यातील पाथरी, गंगाखेड आणि लगतच्या वसमत भागात साखर कारखाने असल्याने गळीत हंगामात ऊस वाहतुकीसाठी ट्रॅक्टरला मागणी असते. टंचाईच्या वर्षांत पाण्याच्या टँकरची भर पडते.

हलके व जड ट्रॅक्टर

भारतीय बाजारातील ट्रॅक्टर वजनाच्या दृष्टीने ढोबळमानाने तीन गटांत मोडतात. १५ ते २५ अश्वशक्तीचे, फळबागांत व आंतरमशागतीत वापरले जाणारे लहान ट्रॅक्टर एक टनाच्या आत-बाहेर असतात. ३० ते ४५ अश्वशक्तीचे ट्रॅक्टर साधारणतः दीड ते दोन टनांचे असतात आणि मराठवाड्यातील खेड्यांत हाच गट सर्वाधिक दिसतो. ५० अश्वशक्ती व त्यावरील ट्रॅक्टर दोन ते अडीच टनांचे असून चारही चाकांना शक्ती देणारी रचना व जादा वजने जोडल्यास ते त्याहून जड होतात.

अश्वशक्ती आणि वजन एकत्र वाढतात असा सर्वसाधारण समज आहे व तो बऱ्याच अंशी खराही आहे. तथापि एकाच अश्वशक्तीच्या दोन प्रतिकृतींच्या वजनात काहीशे किलोंचा फरक असू शकतो. माहितीपत्रकात अश्वशक्ती ठळक अक्षरांत आणि वजन शेवटच्या ओळींत छापलेले असते. वाहतुकीसाठी ट्रॅक्टर घेणाऱ्याने हा क्रम उलटा वाचणे अधिक उपयुक्त ठरते.

ओढण्यास लागणारी शक्ती

डांबरी सपाट रस्त्यावर रबरी टायरच्या वाहनाला पुढे सरकण्यासाठी लागणारा जोर एकूण वजनाच्या सुमारे २ टक्के धरला जातो. दोन टनांचे हेड आणि भरलेली आठ टनांची ट्रॉली मिळून दहा टन झाल्यास हा जोर सुमारे २०० किलोग्रॅम-बल येतो. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो टिकवण्यासाठी चाकांवर जेमतेम १८ ते १९ अश्वशक्ती लागते. वीस मीटरला एक मीटर असा चढ आला तर जोर ७०० किलोग्रॅम-बलापर्यंत वाढतो, परंतु चालक गिअर खाली घेतो व वेग ताशी १० किलोमीटरवर येतो. तेव्हा लागणारी शक्ती सुमारे २६ अश्वशक्ती असते. गिअर व धुऱ्यातील घट धरली तरी ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर हा चढ पार करतो.

'आमचा छोटा ट्रॅक्टरही एवढा माल ओढतो' हा अनुभव म्हणूनच खोटा नाही. ट्रॅक्टरचे गिअर नांगर ओढण्यासाठी, म्हणजे कमी वेगात मोठा जोर देण्यासाठी रचलेले असतात. त्यामुळे माल ओढला जातो, एवढ्यावरून तो ट्रॅक्टर त्या मालासाठी योग्य आहे असे म्हणता येत नाही.

थांबवण्यास लागणारे वजन

बहुसंख्य ट्रॅक्टरांत ब्रेक फक्त मागील चाकांना असतात. ब्रेक कितीही चांगले असले तरी टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणापेक्षा अधिक जोराने ते वाहन थांबवू शकत नाहीत आणि हे घर्षण मागील चाकांवर किती वजन आहे यावर ठरते. इंजिनाचा अवरोधही त्याच चाकांमार्फत रस्त्यावर पोहोचत असल्याने त्यालाही तीच मर्यादा लागू होते. स्थानिक कारागिरांनी बनवलेल्या बहुतांश ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणजे दहा टनांचा संपूर्ण भार हेडाच्या दोन मागील टायरांवर थांबवावा लागतो.

उदाहरणादाखल दोन टनांचे हेड घेतल्यास त्याच्या मागील चाकांवर सुमारे १,२५० किलो वजन असते. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.६ धरला तर ब्रेकचा कमाल जोर ७५० किलोग्रॅम-बल होतो. ट्रॉली नसताना हे हेड ताशी २५ किलोमीटर वेगावरून साडेसहा मीटरच्या आसपास थांबते. मागे आठ टनांची बिनब्रेकची चारचाकी ट्रॉली असेल, तर त्याच वेगावरून थांबण्यास ३३ मीटर लागतात. त्याऐवजी वजने जोडलेले २,८०० किलोचे, मागील चाकांवर १,७५० किलो भार असलेले हेड वापरल्यास हेच अंतर २५ मीटर होते. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे सहा-सात मीटर यात धरलेले नाहीत.

सपाट रस्त्यावर हा फरक मोठा वाटत नाही. उतारावर मात्र चित्र पालटते. वीस मीटरला एक मीटर अशा उतारावर हलक्या हेडाला थांबण्यास सुमारे ९८ मीटर लागतात, तर जड हेडाला ५२ मीटर. हलक्या हेडामागील ट्रॉलीत आणखी दोन टन माल टाकला, तर हे अंतर २०० मीटरच्या जवळ जाते. एकूण वजन १५ टन झाले, म्हणजे त्याच दोन टनांच्या हेडामागे साडेसहा टनांच्या दोन ट्रॉल्या लावल्या, तर उताराची ओढ आणि ब्रेकचा जोर समसमान होतात. चाके पूर्ण जाम करूनही वाहन त्याच वेगाने खाली सरकत राहते. या हिशेबात टायरचा स्वाभाविक अवरोध धरलेला नाही. तो धरल्यास अंतरे कमी होतात. ब्रेक लावताना ट्रॉलीचा रेटा हेडाचे वजन मागून पुढे सरकवतो, तेही धरलेले नाही व त्यामुळे अंतरे वाढतात. ओला रस्ता, झिजलेले टायर किंवा रस्त्यावर पसरलेली खडी असेल तर वरील सर्व आकडे आणखी प्रतिकूल होतात.

उतारावर दुसरा धोका ट्रॉलीच्या रेट्याचा असतो. हेडाची मागील चाके जाम झाली आणि ट्रॉली ढकलत राहिली, तर हेड सरळ न राहता आडवे फिरते आणि ट्रॉली त्यावर येते. वळणावर ही शक्यता सर्वाधिक असते. डिझेल वाचवण्यासाठी गिअर न्यूट्रल करून उतार उतरण्याची सवय अनेक चालकांना आहे. तीत इंजिनाचा अवरोध पूर्णपणे नाहीसा होतो आणि वेग वाढल्यावर गिअर पुन्हा पडत नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढावा लागला असता, त्याच गिअरमध्ये उतार उतरावा हा जुन्या चालकांचा नियम येथे लागू पडतो.

ट्रॉलीचे ब्रेक

वरील उदाहरणातील आठ टनांच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बसवले आणि ते ट्रॉलीच्या वजनाच्या केवळ एक-पंचमांश एवढाच जोर देत असले, तरी सपाट रस्त्यावरील थांबण्याचे अंतर ३३ मीटरवरून साडेदहा मीटरच्या आसपास येते. हलक्याऐवजी जड हेड घेऊन जो लाभ होतो त्याच्या कितीतरी पट हा लाभ आहे. असे असूनही खरेदीच्या वेळी जादा अश्वशक्तीसाठी लाखभर रुपये अधिक मोजणारा ग्राहक ट्रॉलीच्या ब्रेकसाठी क्वचितच खर्च करतो.

ट्रॉलीचे ब्रेक दोन प्रकारे चालवले जातात. पहिल्या प्रकारात हेडाचा वेग कमी होताच ट्रॉलीची दांडी पुढे दाबली जाते आणि तो दाबच ब्रेक लावतो. ही रचना स्वस्त आहे, परंतु उलट दिशेने ट्रॉली घेताना ब्रेक अडकू नयेत म्हणून वेगळी कळ द्यावी लागते. दुसऱ्या प्रकारात हेडाच्या हायड्रॉलिक किंवा हवेच्या यंत्रणेतून ट्रॉलीपर्यंत नळी जाते व चालकाने पाय दाबताच दोन्हींचे ब्रेक एकाच वेळी लागतात. यासाठी हेडावर तशी जोडणी असणे आवश्यक असते.

हेडाच्या ब्रेकबाबत एक बाब वारंवार दुर्लक्षित राहते. शेतात जागच्या जागी वळता यावे म्हणून ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकांसाठी दोन स्वतंत्र ब्रेक पेडल असतात. रस्त्यावर येण्यापूर्वी ती पट्टीने एकत्र जोडणे अपेक्षित असते. ती सुटी राहिली आणि वेगात एकच पेडल दाबले गेले, तर एका बाजूचे चाक थांबते व भरल्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर उलटतो. तेलात बुडालेल्या चकत्यांचे ब्रेक कोरड्या ब्रेकपेक्षा लांब उतारावर कमी तापतात व पाणी-चिखलाने निकामी होत नाहीत. म्हणून वाहतुकीसाठी तेच श्रेयस्कर मानले जातात.

दोनचाकी व चारचाकी ट्रॉली

दोनचाकी, म्हणजे एका धुऱ्याच्या ट्रॉलीचा काही भार हुकावर येतो. त्यामुळे हेडाची मागील चाके अधिक दाबली जातात आणि पकड वाढते. पण हूक मागील धुऱ्याच्या मागे असल्याने तोच भार तराजूप्रमाणे पुढील चाके उचलतो. हूक धुऱ्याच्या ८० सेंटिमीटर मागे आणि पुढील व मागील चाकांतील अंतर १९० सेंटिमीटर असेल, तर हुकावरील ५०० किलो भारामुळे पुढील चाकांवरचे सुमारे २१० किलो वजन कमी होते. हलक्या हेडाच्या पुढील चाकांवर मुळातच सहा-सातशे किलो असतात. चढावर त्यात आणखी घट होते. पुढील चाके टेकलेली दिसतात, पण स्टेअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर वळत नाही. ही अवस्था पुढे उचलण्याच्या आधीची पायरी होय.

चारचाकी ट्रॉलीत हा दोष नाही. तिचा भार चारही चाकांवर राहतो व हुकावर जवळपास काहीच येत नाही. पण म्हणूनच ती हेडाची पकडही वाढवत नाही. हलके हेड आणि बिनब्रेकची चारचाकी ट्रॉली ही थांबण्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट जोडी ठरते, तर हलके हेड आणि पुढे जास्त माल लादलेली दोनचाकी ट्रॉली ही वळण्याच्या दृष्टीने. दोनचाकी ट्रॉलीत सर्व माल मागे लादल्यास दांडी वर उचलली जाऊन मागील चाकांची पकडच कमी होते आणि ट्रॉली डुलू लागते.

हुकाची उंची हा स्वतंत्र व गंभीर विषय आहे. ओढण्याचा बिंदू मागील धुऱ्याच्या मध्यापेक्षा खाली असावा लागतो. रुतलेली ट्रॉली काढण्यासाठी साखळी धुऱ्याला किंवा त्याहून वरच्या भागाला बांधल्यास चाके फिरण्याऐवजी ट्रॅक्टरच मागील धुऱ्याभोवती फिरतो आणि चालकावर उलटतो. ही क्रिया एवढ्या वेगाने घडते की क्लच दाबण्यास वेळ मिळत नाही. हलक्या ट्रॅक्टरमध्ये पुढील भाग लवकर उचलला जात असल्याने हा धोका अधिक असतो.

माल व त्याचे वजन

ट्रॉली दिसायला सारखीच भरलेली असली तरी आतल्या मालानुसार वजनात कित्येक पटींचा फरक पडतो. एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट कोरडी वाळू सुमारे साडेचार टन भरते व ओली वाळू त्याहून अधिक. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व दोन फूट उंच साट्यात काठोकाठ भरलेले सोयाबीन सुमारे अडीच टन होते. कापूस फाळक्यांवर जाळी उभारून कितीही उंच रचला तरी दोन टनांच्या आसपासच राहतो. केवळ कापूस जिनिंगपर्यंत आणि सोयाबीन मोंढ्यापर्यंत नेणाऱ्या जिंतूरच्या शेतकऱ्याला ३५ ते ४० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर वाहतुकीच्या दृष्टीने पुरेसा आहे. कापसाच्या बाबतीत अडचण वजनाची नसून उंचीची असते. वाऱ्याचा झोत आणि खड्ड्यातील हेलकावा यांमुळे ट्रॉली कलंडते, तिला जड हेड वाचवू शकत नाही.

पाण्याचा टँकर हा वेगळाच प्रकार आहे. ५,००० लिटर पाणी म्हणजे पाच टन, आणि टाकी व सांगाड्याचे वजन त्यावर. टाकी अर्धी भरलेली असेल तर ब्रेक लावताच पाणी पुढे धावते व हेडाला धक्का देते, वळणावर ते बाहेरच्या बाजूला चढते. आडव्या पडद्या नसलेली अर्धी टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. येलदरीसारख्या जलाशयाच्या काठावरून चढाच्या रस्त्याने वस्त्यांना पाणी पुरवणाऱ्या टँकरसाठी जड हेडाची निवड समर्थनीय ठरते.

उसाची ट्रॉली सर्वांत जड व सर्वांत लांब अंतर जाणारी असते. तोडणी-वाहतुकीचा मोबदला टनावर मिळत असल्याने प्रत्येक खेपेस अधिक माल भरण्याकडे कल असतो आणि डबल ट्रॉलीची प्रथा त्यातूनच रुजली. येथे ५० अश्वशक्ती व त्यावरील हेड वापरली जातात. तरीही वर काढलेल्या हिशेबावरून दिसते की दोन बिनब्रेकच्या ट्रॉल्यांना उतारावर पुरे पडेल इतके जड हेड बाजारात सहजी मिळत नाही. रात्रीच्या वाहतुकीत मागील ट्रॉलीला दिवे व परावर्तक नसणे हे अपघातांचे आणखी एक कारण असून हंगामाच्या आरंभी परावर्तक लावण्याच्या मोहिमा घेतल्या जातात.

काळी जमीन व पांदण रस्ते

ओल्या काळ्या मातीत ट्रॉलीला सरकण्यासाठी लागणारा जोर एकूण वजनाच्या ८ ते १० टक्क्यांपर्यंत जातो आणि त्याच वेळी टायरची पकड निम्म्यावर येते. दहा टनांच्या जोडीला किमान ८०० किलोग्रॅम-बल लागतात. घर्षणांक ०.३५ धरल्यास दोन टनांचे हेड मागील चाकांतून सुमारे ४४० देऊ शकते व २,८०० किलोचे हेड सुमारे ६१०. म्हणजे दोन्ही रुततात. जड हेडाला चारही चाकांची ओढ असेल, तर संपूर्ण २,८०० किलो वजन कामी येऊन सुमारे ९८० मिळतात आणि ट्रॉली निघते. पांदण रस्त्यावरून माल काढण्यासाठी अश्वशक्तीपेक्षा चारचाकी ओढीला महत्त्व आहे ते यामुळे. मात्र ज्याच्याकडे तसे हेड नाही त्याच्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय अर्धी ट्रॉली भरून दोन खेपा करणे हाच आहे.

वजन वाढवण्याचे उपाय

मध्यम हेडाचे वजन दोन प्रकारे वाढवता येते. मागील चाकांना बिडाची वजने लावता येतात किंवा टायरमध्ये ठरावीक पातळीपर्यंत पाणी भरता येते. पुढील चाके उचलत असतील तर बंपरवर वजने बसवली जातात. पुढे दगड किंवा मातीची पोती बांधण्याचा प्रकारही आढळतो. ती सुटून चाकाखाली येण्याचा धोका असल्याने तो टाळणे इष्ट. वजन वाढवल्याने पकड वाढते, परंतु धुरा, टायर व ब्रेक यांची मूळ मर्यादा वाढत नाही. हेच वजन घेऊन शेतात गेल्यास डिझेल अधिक जळते व जमीन दबते, म्हणून वाहतुकीचा हंगाम संपताच ते उतरवावे लागते.

शेतीच्या गरजा व खर्च

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीधारण १.३४ हेक्टर आहे. एवढ्या क्षेत्रासाठी ५५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतःच्या शेतावर कधीही भरून निघत नाही. शिवाय काळ्या जमिनीत ओल असताना जड ट्रॅक्टर फिरल्यास खालचा थर घट्ट होतो आणि पाण्याचा निचरा बिघडतो. कापूस व तुरीच्या ओळींतील आंतरमशागतीसाठी तर लहान ट्रॅक्टरच सोयीचा असतो.

खरेदीवर परिणाम करणारी आणखी एक सीमा ५० अश्वशक्तीची आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना 'ट्रेम-४' हे कडक उत्सर्जन मानक लागू झाले. ते पाळण्यासाठी इंधनपुरवठा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नियंत्रित करणारी इंजिने आली, किंमत वाढली आणि गावातील मिस्त्रीकडून होणारी दुरुस्ती अवघड झाली. परिणामी या सीमेच्या किंचित खाली बसणाऱ्या प्रतिकृतींना मागणी वाढली. वाहतुकीसाठी घेणाऱ्यास यात फारसे नुकसान नाही, कारण ४८ व ५२ अश्वशक्तीतील फरकापेक्षा दोन्हींच्या वजनातील फरक पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. कृषी यांत्रिकीकरणाच्या शासकीय योजनांत ट्रॅक्टरसाठी अनुदान मिळते व त्यासाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो.

कायदेशीर बाबी

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कृषी ट्रॅक्टर हे बिगर-परिवहन वाहन आहे. शेतमालाची वाहतूक त्याच्या व्याख्येत बसते. वाळू, विटा किंवा इतरांचा माल भाड्याने नेणे हा व्यापारी वापर ठरतो व त्याची नोंदणी वेगळी करावी लागते. ट्रॉलीची नोंदणीही स्वतंत्र असते आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक मागून दिसेल असा शेवटच्या ट्रॉलीवर लिहिणे अधिनियमाने बंधनकारक आहे. नोंदणी पुस्तकात दिलेल्या भारापेक्षा अधिक माल आढळल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. वजनकाट्याची पावती हा यातील साधा पुरावा असल्याने कारखान्यावर किंवा मोंढ्यात माल घालणाऱ्या चालकाकडे स्वतःच्या खेपांचे वजन लिखित स्वरूपात नेहमी उपलब्ध असते.

परवान्याच्या प्रश्नावर न्यायालयांत दीर्घकाळ वाद झाला. ट्रॉली जोडल्याने ट्रॅक्टर चालवण्याचा परवाना निरुपयोगी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नागशेट्टी प्रकरणात २००१ मध्ये म्हटले. मुकुंद देवांगन प्रकरणात २०१७ मध्ये ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनांसाठी हलक्या मोटार वाहनाचा परवाना पुरेसा मानला गेला आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हीच भूमिका कायम ठेवली. ट्रॅक्टर कितीही जड घेतला तरी शेतीतील नेहमीच्या प्रतिकृती या मर्यादेच्या खूप आत राहतात. म्हणून जड ट्रॅक्टरसाठी वेगळा परवाना लागतो हा समज निराधार आहे.

ट्रॉलीतून माणसे नेण्यास मात्र संरक्षण नाही. मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांची नुकसानभरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा आशा राणी प्रकरणातील निर्णय आहे. मराठवाड्यातून ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणारी कुटुंबे संसार, जनावरे व मुलांसह ट्रॉलीतूनच कारखान्यांवर जातात. ट्रॉली उलटल्यास मृत्यू व जखमींची भरपाई ट्रॅक्टरमालकावर येते आणि तो देऊ शकला नाही तर ती प्रत्यक्षात मिळत नाही.

पिकअप व प्रवासी ट्रेलरशी तुलना

अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलियात राहण्याची सोय असलेला प्रवासी ट्रेलर पिकअपमागे जोडून नेण्याची प्रथा आहे आणि तेथेही हलकी पिकअप घ्यावी की जड, हा वाद नेहमीचा आहे. अमेरिकेत पिकअपचे 'अर्धा टन', 'पाऊण टन' व 'एक टन' असे गट मानतात. ही नावे मुळात वाहूनेय भारावरून पडली असली तरी आजच्या गाड्यांची क्षमता त्याहून बरीच अधिक आहे. तेथे ओढणारे वाहन व ट्रेलर यांच्या एकत्रित वजनाची मर्यादा निर्माता ठरवून देतो, ट्रेलरच्या वजनापैकी १० ते १५ टक्के भार हुकावर असावा असा संकेत आहे आणि ठरावीक वजनावरील ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे बहुतेक राज्यांत सक्तीचे आहे. हुकावर भार कमी पडल्यास ट्रेलर वेगात डुलू लागतो. ताशी १०० किलोमीटर वेगावर हा दोष जीवघेणा ठरतो, ट्रॅक्टरच्या वेगावर तो तुलनेने सौम्य असतो.

महाराष्ट्रात पिकअप हे ओढण्याचे नव्हे तर पाठीवर माल नेण्याचे वाहन आहे. जिंतूर, सेलू किंवा मानवतच्या मोंढ्यात एक-दीड टनाचा माल आता ट्रॉलीऐवजी अनेकदा पिकअपने येतो. वेग अधिक, चारही चाकांना ब्रेक आणि मालाचे वजन थांबवणाऱ्याच चाकांवर, ही तिची जमेची बाजू होय. शेतातून माल बाहेर काढण्याचे काम मात्र पिकअप करू शकत नाही. त्यामुळे बांधापासून डांबरी रस्त्यापर्यंत लहान ट्रॅक्टर व अर्धी ट्रॉली आणि तेथून बाजारापर्यंत भाड्याची पिकअप, अशी विभागणी कमी मालाच्या शेतकऱ्यांत रूढ होत आहे.